कच्च्या कैद्याचे मत

लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 62(5) नुसार तुरुंगात किंवा पोलिसांच्या कायदेशीर ताब्यात असलेल्या कोणालाही मतदान करता येत नाही. शिक्षा भोगणारा आणि ज्याचा खटला अजून उभाही राहिलेला नाही असा, दोघांना एकच नियम. अपवाद फक्त प्रतिबंधात्मक स्थानबद्धांचा. त्यांना टपाली मतपत्रिका मिळते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 अखेर देशात 5,73,220 कैदी होते आणि त्यांतले 4,34,302 कच्चे कैदी होते. म्हणजे या मनाईचा मुख्य फटका गुन्हा सिद्ध न झालेल्यांनाच बसतो.

अनुकूलचंद्र प्रधान खटल्यात (1997) सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई वैध ठरवली. राजकारणाचे गुन्हेगारीकरण रोखणे हा तिचा एक आधार. तो 2013 मध्येच ढासळला. कोठडीतल्या व्यक्तीला मत देता येत नाही, म्हणून तिला उमेदवारही होता येणार नाही, असा निकाल त्या वर्षी जुलैत लागला. संसदेने त्याच वर्षी कायदा दुरुस्त करून उमेदवारी वाचवली, मताला मात्र हात लावला नाही. परिणामी 2024 मध्ये तिहारमधले कच्चे कैदी अब्दुल रशीद शेख बारामुल्लातून लोकसभेवर निवडून आले. गुन्हेगारीकरणाची धास्ती मत मागणाऱ्याबाबत नाही, मत देणाऱ्याबाबत आहे, हा तर्क अजबच. महाराष्ट्रात जून 2022 मध्ये, अटकेत असलेले आमदार नवाब मलिक आणि अनिल देशमुख यांना राज्यसभा व विधान परिषदेच्या निवडणुकांत मतदानाची परवानगी नाकारली गेली, तीही याच कलमावर बोट ठेवून.

कैदी स्वतःच्या वर्तनामुळे आत आहे, असेही समर्थक म्हणतात. पण कच्चा कैदी आत असतो तो आरोपामुळे, आणि अनेकदा जामीनदार न मिळाल्यामुळे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 326 मध्ये मताधिकार काढून घेण्याच्या कारणांत ‘गुन्हा’ आहे; आरोप नाही. उलट, शिक्षा होऊनही अपिलात जामिनावर सुटलेला माणूस मतदान करू शकतो. एकाच गुन्ह्यातल्या दोन आरोपींपैकी ज्याची ऐपत आहे तो केंद्रावर जातो, दुसरा बराकीत राहतो.

त्याच निकालात सांगितलेली, कैद्यांचे मतदान घेण्यासाठी लागणाऱ्या मनुष्यबळाची अडचण 1997 मध्ये पटण्यासारखी होती. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत 85 वर्षांवरील आणि 40 टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांच्या दारी जाऊन मते घेतली गेली. तुरुंगातला मतदार तर एका छताखाली, नोंदवहीत नाव असलेला. शिवाय स्थानबद्धांसाठी टपालाची सोय निवडणूक नियमांत आधीपासून आहे.

खरा आक्षेप वेगळा आहे: बराकीतला दादा आणि तुरुंगाधिकारी यांचा दबाव. तो झटकून टाकता येत नाही. मात्र मतपत्रिका तुरुंग कर्मचाऱ्यांऐवजी निवडणूक अधिकाऱ्यांनी आडोशाची सोय करून भरून घेतल्या, आणि त्या ज्याच्या-त्याच्या मतदारसंघातल्या इतर टपाली मतांत मिसळल्या, तर कोणत्या तुरुंगातून कोणाला किती मते पडली हे कळायला मार्ग उरत नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने 1999 मध्ये कैद्यांच्या मतदानाची व्यवस्था करण्याचा आदेश दिला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्यांवरील मनाईही रद्द केली. भारताने एकदम तिथवर जावे असे नाही. मनाई सिद्धदोषांपुरती ठेवून कच्च्या कैद्यांना स्थानबद्धांच्या ओळीत टपाली मतदार म्हणून घेतले, तरी अन्यायाचा मोठा भाग दूर होतो. टपाली मतपत्रिकेसाठी अर्ज मागवण्याच्या मुदतीनंतर अटक झालेले आणि पोलीस कोठडीत असलेले या सोयीबाहेर राहतील. त्यांच्यासाठी वेगळी तजवीज लागेल.