परदेशाच्या ताटातील मासळी आणि दिग्रसच्या ताटातील

पैनगंगेला मिळणारी अरुणावती नदी दिग्रसजवळ अडविण्यात आली ती शेतीला पाणी मिळावे म्हणून. अशा जलाशयांत मासळीही वाढते, आणि भोई समाजातील कितीतरी कुटुंबांची चूल तिच्यावर पेटते, ही गोष्ट सरकारी हिशेबात नेहमीच दुय्यम राहिली. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीज, कर्ज आणि विमा यांतील सवलतींचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला, हे चांगलेच झाले. परंतु मासा ज्या पाण्यात वाढतो त्या पाण्यात काय मिसळते, याविषयी त्या निर्णयात काही नाही.

दिग्रसचा परिसर काळ्या जमिनीचा, कपाशी आणि सोयाबीनचा. 2017 च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. मोनोक्रोटोफॉस, तसेच प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचे मिश्रण, ही नावे त्या वेळी घरोघरी पोहोचली. फवारणाऱ्या माणसाचा तेव्हा थोडाफार विचार झाला. हातमोजे आणि मुखवटे वाटले गेले. (भर भाद्रपदातल्या उकाड्यात ते घालून कोण किती वेळ काम करू शकतो, हे वाटणाऱ्यांनी स्वतः करून पाहिले असते तर बरे झाले असते.) फवारलेले विष पुढे कोठे जाते, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

ते पावसाबरोबर नाल्यात जाते. पंप नाल्यावरच धुतले जातात, रिकामे डबे बांधावर पडतात. सायपरमेथ्रिनसारखी द्रव्ये माणसापेक्षा माशाला कितीतरी पटींनी घातक आहेत, आणि ती गाळाला चिकटून राहतात. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, तर मृगळ तळाशी, गाळातच. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील विषे तुलनेने लवकर विघटित होतात. डीडीटी किंवा 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातलेले एंडोसल्फान यांसारखी क्लोरीनयुक्त द्रव्ये माशाच्या चरबीत साठतात व खाणाऱ्याच्या शरीरात उतरतात. म्हणून मासे मेले तर नुकसान भोयाचे, आणि मेले नाहीत तर धोका गिऱ्हाइकाचा. विषाच्या बाटलीच्या किमतीत यांपैकी कोणताच खर्च धरलेला नसतो. नफा कंपनीकडे राहतो आणि तोटा पाण्याच्या उताराने खाली जातो.

अरुणावतीची मासळी विषारी आहे, असे येथे म्हणावयाचे नाही. तसे म्हणण्यास तपासणी लागते, आणि वाद नेमका तिचाच आहे. तपासणी करणे या देशाला येत नाही असेही नाही. युरोपने प्रतिजैविकांचे अवशेष सापडल्यावरून कोळंबी परत पाठवू लागताच निर्यातीसाठी अवशेष तपासणीचा राष्ट्रीय आराखडा कडक झाला. 2016 मध्ये युरोपने नमुन्यांचे प्रमाण पन्नास टक्क्यांवर नेले, तेही आपण निभावले. 2006 चा अन्नसुरक्षा कायदा देशातील गिऱ्हाइकालाही लागू आहे. तरी त्या तोडीची शिस्त जिल्ह्याच्या मासळीबाजाराच्या वाट्याला येत नाही. परकीय चलन आणणाऱ्या माशाला प्रयोगशाळा, मजुराच्या कालवणातल्या माशाला नशीब!

तपासणी नसली की तिची जागा अफवा घेते. जुलै 2018 मध्ये गोव्यात फॉर्मेलिनवरून गदारोळ झाला, परराज्यातील मासळीवर तात्पुरती बंदी आली, आणि घाऊक व्यापाऱ्याच्या चुकीचा संशय टोपली घेऊन बसणाऱ्या बाईलाही भोवला. उद्या दिग्रसमध्ये तसे घडले, तर आपली मासळी निर्दोष आहे हे भोई कोणत्या कागदाच्या आधारे सांगणार?

म्हणून मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांच्या सभांत कार्यकर्त्यांनी हा विषय काढला पाहिजे. पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि फवारणीच्या भरात पाणी, गाळ व मासळी यांचे नमुने सरकारी खर्चाने घेतले जावेत, निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. विषाने मासे मेल्यास भरपाई मिळावी, आणि तिचा निधी कीटकनाशकांच्या विक्रीवरील उपकरातून उभा राहावा. जलाशयाच्या ठेक्याची रक्कम वसूल करताना सरकार एक दिवस उशीर खपवून घेत नाही. त्याच करारनाम्यात ही कलमे घालण्याची मागणी पुढील नूतनीकरणापूर्वी लेखी नोंदविली जावी.