घर गावात, मालक लंडनात

इंग्लंडातलं खेडं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं दगडी घर, पुढं बाग, शेजारी चर्च असं चित्र येतं. ते खोटं नाही. पण कॉर्नवॉल परगण्यातल्या समुद्रकाठच्या गावांत हिवाळ्यात रात्री फिरलं, तर कित्येक घरांत दिवाच दिसत नाही. मालक लंडनला. तो उन्हाळ्यात चार आठवडे येणार. एरवी घराला कुलूप, नाहीतर पर्यटकांना भाड्यानं. असे भाव मच्छीमाराच्या किंवा शेतमजुराच्या पोराला पेलणार कसे? पोरगं शहर गाठतं आणि मागं शाळेचा पट घटत जातो.

तिकडं शेतजमीन घ्यायलासुद्धा मुळात शेतकरी असावं लागत नाही. पैसा असला की झालं. आपल्या कूळकायद्याच्या कलम ६३ ला उठसूट नावं ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

मात्र एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. मोकळ्या रानात घर बांधायला तिथं सहजी परवानगी मिळत नाही. शेतीच्या कामासाठी दिलीच, तर त्या घरात शेतीवर राबणाऱ्यानंच राहायचं, अशी अट पडते. घर दहादा विकलं तरी अट रद्द करून घेतल्याशिवाय सुटत नाही. साहजिकच असं घर बाजारभावापेक्षा स्वस्त जातं. अट माणसाला नाही, घराला!

सेंट आइव्हज या मासेमारीच्या गावानं हाच धागा पकडला. तिथली स्थानिक कौन्सिल म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीची चुलत बहीण. बांधकाम परवाना द्यायचा अधिकार तिला नाही. ती फक्त मत कळवते, निर्णय वर होतो. पण २०११ च्या कायद्यानं गावाला स्वतःचा विकास आराखडा करून त्यावर मतदान घ्यायची मुभा दिली. मे २०१६ मध्ये सेंट आइव्हजच्या ८० टक्क्यांहून अधिक मतदारांनी कौल दिला: इथून पुढं बांधलेलं नवं घर हे राहणाऱ्याचं मुख्य घरच असलं पाहिजे. एक बांधकाम व्यावसायिक हायकोर्टात गेला आणि त्याच वर्षी हरला.

आता खोच बघा. अट फक्त नव्या घरांना आहे. जुनं दगडी घर, ज्यावर शहरी माणसाचा खरा डोळा, ते आजही कुणीही घेऊ शकतो. एप्रिल २०२५ पासून कॉर्नवॉलनं दुसऱ्या घरावरचा कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, दुप्पट केला. पण ज्याला दोन घरं परवडतात त्याला दुप्पट पट्टी किती जड जाणार? शेजारच्या वेल्सनं २०२२ साली नियोजनाच्या नियमांत दुसऱ्या घराचा वर्गच वेगळा केला. त्यामुळं राहतं घर सुट्टीचं घर करण्याआधी परवानगी लागेल, अशी तजवीज तिथल्या कौन्सिलला करता येते. इंग्लंडनं निदान तेवढं तरी करावं. नव्या घरांना अट घालून जुनी मोकळी सोडणं म्हणजे दार लावून खिडक्या सताड उघड्या ठेवणं झालं.