दांडा हरवलेली अवजारे

काही वर्षांपूर्वी मी बार्शीटाकळीच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. एके दिवशी नववीतील एक मुलगी मूठ घट्ट मिटून वर्गात आली. तिने टेबलावर मूठ उघडली, तेव्हा तिच्या तळहातावर दुधी रंगाचा, चकचकीत, बोटाच्या पेराएवढा दगड होता. त्याची एक कड ब्लेडसारखी धारदार होती.

"सर, हे बाणाचे टोक आहे ना? महानच्या बाजूला मामूंच्या शेतात सापडले," ती म्हणाली.

इतिहासाच्या पुस्तकात अशी चित्रे मी पाहिली होती. मी लगेच म्हणालो, "शाब्बास बेटा! हे आदिमानवाचे बाणाचे टोकच आहे." सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. ती मुलगी खूश झाली आणि मीही खूश झालो.

त्या रात्री मात्र मला झोप लागेना. मी कशावरून तसे म्हणालो? तो दगड माणसाने घडवला होता, की वखराच्या पाशीखाली फुटलेली ती साधी गारगोटी होती? घडवलेला असला, तरी तो बाणाला लावला होता हे मला कोणी सांगितले? एका मुलीच्या प्रश्नाला मी पुराव्याशिवाय उत्तर दिले होते. त्या चुकीतून मी जे शिकलो, ते तुम्हांला सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

सुरुवात शब्दांपासून करू. तुम्ही घरी उर्दू बोलता. उर्दूत 'औजार' आणि 'हथियार' हे दोन वेगळे शब्द आहेत. सुताराच्या हातात औजार असते, शिपायाच्या हातात हथियार असते. मराठीत 'अवजार' हा शब्द आहे, पण 'हत्यार' हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो. करवत हे सुताराचे हत्यार आणि तलवार हेही हत्यारच. मराठी पुस्तकांत दगडी वस्तूंना सरसकट 'दगडी हत्यारे' म्हणतात. अगदी लहान वस्तूंना तर 'सूक्ष्मास्त्रे' असे नाव आहे, म्हणजे नावातच 'अस्त्र' आले! हे नाव वाचले की आपल्या डोळ्यांपुढे शिकार आणि लढाई उभी राहते. भाजी चिरणारी, चामडे कापणारी किंवा बांबू तासणारी बाई उभी राहत नाही. नाव आपण दिलेले असते. दगडाने ते सांगितलेले नसते.

दुसरे उदाहरण घ्या. ३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकांना मद्रासजवळ पल्लावरम येथे एक दगडी हत्यार सापडले. भारतातील अश्मयुगाच्या अभ्यासाची सुरुवात त्या दिवसापासून मानतात. अशा प्रकारच्या हत्याराला आज 'हातकुऱ्हाड' म्हणतात. पण तिला दांडा नव्हता, ती हातात धरून वापरत. तिने झाडे तोडत असत असेही म्हणता येत नाही. मांस कापणे, कातडे सोलणे अशी कितीतरी कामे तिने होत असावीत. म्हणजे कुऱ्हाड हे केवळ नाव आहे.

मग दांडा असलेली हत्यारे कशी ओळखायची? लाकूड, दोरी, चामडे या वस्तू कुजून जातात आणि मागे फक्त दगड उरतो. उर्दूत ज्याला 'दस्ता' आणि मराठीत 'दांडा' किंवा 'मूठ' म्हणतात, तोच भाग हरवलेला असतो. तरीही दगड स्वतः काही खुणा सांगतो.

पहिली खूण आकाराची. महाराष्ट्रात गारगोटीच्या जातीच्या दगडांची दोन-तीन सेंटिमीटर लांबीची पाती अनेक ठिकाणी सापडतात. इतके लहान पाते चिमटीत धरून फार वेळ काम करता येत नाही. ते कशात तरी बसवलेलेच असले पाहिजे. दुसरी खूण पाठीची. यांतील अनेक पात्यांची एक कड धारदार असते आणि दुसरी मुद्दाम बारीक टवके काढून बोथट केलेली असते. धार बोथट करण्याचे कष्ट कोणी उगाच घेईल का? बोथट पाठ लाकडाच्या खाचेत नीट बसते. अशी चार-पाच पाती ओळीने खाचेत बसवली की लांब धार तयार होते. एक पाते तुटले तर तेवढेच बदलायचे. मला ही युक्ती फार हुशारीची वाटते.

हे काम आपल्या वऱ्हाडाला अनोळखी नाही. अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार तालुक्यात तुळजापूर गढी नावाचे ठिकाण आहे. तेथे १९८४-८५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने उत्खनन केले आणि ताम्रपाषाण काळातील शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. पुणे जिल्ह्यातील इनामगाव, अहिल्यानगर जिल्ह्यातील जोर्वे आणि नेवासे येथेही त्या काळाच्या वस्त्या सापडल्या आहेत. त्या लोकांजवळ थोडे तांबे होते, पण रोजच्या कापण्या-चिरण्याला ते दगडी पातीच वापरत.

तिसरी खूण चिकटवण्याची. दक्षिण आफ्रिकेतील सिबुडू गुहेत सुमारे ७०,००० वर्षांपूर्वीची दगडी पाती सापडली. त्यांच्या पाठीवर झाडाचा डिंक आणि तांबडी काव यांचे अंश होते. लिन वॉडली या संशोधक बाईंनी तसाच चिकटा तयार करून पाहिला. नुसता डिंक वाळला की ठिसूळ होतो आणि ओलाव्याने सुटतो. त्यात काव मिसळली, तर तो चांगला टिकतो. आपल्याकडे बाभळीचा डिंक आणि काव दोन्ही मिळतात. हा प्रयोग तुम्हीही करू शकता. मात्र, 'आफ्रिकेत असे होते, म्हणून वऱ्हाडातही असेच होते' असे म्हणायचे नाही. येथील पात्यावर तसे अंश सापडतील, तेव्हाच ते म्हणता येईल.

कधी कधी दांडाही वाचतो. १९९१ मध्ये इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर, आल्प्स पर्वताच्या बर्फात, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाचे शरीर सापडले. त्याच्याजवळ गारेच्या पात्याचा एक लहान सुरा होता. त्याची लाकडी मूठ आणि ती बांधलेली स्नायूची दोरी जशीच्या तशी होती. पुढे २००१ मध्ये त्याच माणसाच्या खांद्यात रुतलेले बाणाचे दगडी टोक दिसले. तेथे उपयोगाबद्दल शंका उरली नाही. पण असा पुरावा जगात फार क्वचित मिळतो.

आपल्या विदर्भात नागपूरजवळ माहुरझरी येथे मोठ्या दगडी वर्तुळांमध्ये पुरलेल्या वस्तू सापडल्या. त्यांत लोखंडी कुऱ्हाडी आहेत. काही कुऱ्हाडींच्या पात्यांवर आडव्या कड्या तशाच राहिल्या आहेत. लाकडी दांडा केव्हाच मातीत मिसळला, पण तो कोठे आणि कसा बसवला होता, हे त्या कड्या सांगतात. दगडी पात्याला अशी धातूची कडी नसते, म्हणून तेथे अधिक जपून बोलावे लागते.

आता उपयोगाकडे वळू. तुमच्या घरचा विळा आठवा. उर्दूत त्याला दरांती म्हणतात आणि वऱ्हाडात 'इळा'. अम्मी त्याने सोयाबीन सोंगते, गवत कापते, वेळ पडली तर सुतळी तोडते. धाकटा भाऊ गुपचूप त्याने पेन्सिल छिलतो. आता हा विळा तीन हजार वर्षांनी कोणाला सापडला, तर तो काय म्हणेल? "हे गवत कापण्याचे हत्यार." ते खोटे नाही, पण पुरेसेही नाही. हत्याराचा एकच उपयोग असतो असे धरून चालणे ही आपली पहिली चूक.

आकार सारखा म्हणून उपयोगही सारखा, ही दुसरी चूक. ती टाळण्यासाठी शास्त्रज्ञ धारेवरच्या झिजेकडे पाहतात. सोव्हिएत रशियातील सर्गेई सेम्योनोव्ह यांनी १९५७ मध्ये या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. हत्यार सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तर धारेवर बारीक ओरखडे आणि चकाकी दिसते. मग तसेच नवे हत्यार बनवून लाकूड, हाड, चामडे, गवत यांवर वापरायचे आणि दोन्हींच्या खुणा ताडून पाहायच्या. गव्हाच्या आणि जवाच्या काडीत सिलिका असते. ती पुष्कळ कापली की दगडी पात्यावर एक खास चकाकी येते. अशी चकाकी दिसली की आपण म्हणतो, 'हा विळा होता.' पण बोरू किंवा छपराचे गवत कापूनही चकाकी येते. म्हणून तेवढ्यावरून 'हे लोक शेती करत होते' असे म्हणता येत नाही.

ही पद्धत किती खरी, याचीही परीक्षा झाली आहे. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मार्क न्यूकमर यांनी काही दगडी हत्यारे बनवून वापरली आणि कशावर वापरली हे न सांगता लॉरेन्स कीली यांच्याकडे दिली. १६ पैकी १४ वेळा कीली यांनी हत्याराचा वापरलेला भाग बरोबर ओळखला. हत्यार कापण्यासाठी वापरले की खरवडण्यासाठी, हे १२ वेळा बरोबर आले. कोणत्या वस्तूवर वापरले, हे मात्र फक्त १० वेळा. म्हणजे प्रश्न जितका बारीक, तितकी खात्री कमी. मला या चाचणीचे मोठे कौतुक वाटते, कारण तिने यशाबरोबर चुकाही मोजून सांगितल्या.

कोणी म्हणेल, "सर, हजारो वर्षांपूर्वीच्या दगडाचा उपयोग चुकीचा सांगितला, तर कोणाचे काय बिघडले?" प्रश्न योग्य आहे. दगडाचे काही बिघडत नाही, आपले बिघडते. प्रत्येक पात्याला शस्त्र म्हटले, की आपले पूर्वज फक्त मारामारी करत होते असे चित्र तयार होते. स्वयंपाक, शेती, शिवण, सुतारकाम करणारी माणसे आणि त्यांतही बायका इतिहासातून गळून जातात. शिवाय, जो विद्यार्थी दगडाबद्दल पुराव्याशिवाय बोलायला शिकतो, तो उद्या शेजाऱ्याबद्दलही पुराव्याशिवाय बोलेल.

दुसरा कोणी म्हणेल, "सदा 'बहुधा, बहुधा' म्हणत बसलो, तर ज्ञान पुढे कसे जाईल?" पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे थोर पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी १९६४ मध्ये दगडी हत्यारांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच त्यांनी हत्यारांचे 'संभाव्य उपयोग' असे म्हटले. ज्यांनी आयुष्यभर हत्यारे हाताळली, ते 'संभाव्य' म्हणतात आणि मी एका मिनिटात 'बाणाचे टोकच' म्हणालो! 'संभाव्य' या शब्दाने ज्ञान थांबत नाही. पुढच्या माणसाला तपासायला जागा राहते. २०१२ मध्ये काही संशोधकांनी दक्षिण आफ्रिकेतील काथू पॅन येथील दगडी टोके सुमारे पाच लाख वर्षांपूर्वी भाल्याला लावलेली होती, असे मांडले. इतर तज्ज्ञांनी त्या पुराव्यावर आक्षेप घेतले. हा वाद लाजिरवाणा नाही. शास्त्र असेच चालते.

तेव्हा तुम्हांला शेतात असा दगड दिसला, तर माझे ऐका. आधी तो होता तेथेच नीट पाहा. शेजारी तसेच आणखी तुकडे आहेत का, ते बघा. जागा वहीत लिहा, चित्र काढा, जमल्यास फोटो घ्या. दगड धुऊ नका, घासू नका. कदाचित हजारो वर्षांचा डिंक त्याच्या पाठीवर असेल आणि तो तुमच्या साबणाने निघून जाईल. शक्यतो तो उचलू नका. शिक्षकांना सांगा आणि त्यांच्यामार्फत पुरातत्त्व विभागाला कळवा. घरी आणलेला दगड सुंदर दिसतो, पण शेतात असलेला दगड अधिक बोलतो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात त्या मुलीला म्हणालो, "काल मी घाई केली. मला खात्री नाही." मग मी विचारले, "दगड नेमका कोठे सापडला? जवळ आणखी तुकडे होते का?" तिला आठवेना. दगड तिने साबणाने स्वच्छ धुतला होता. ती थोडी हिरमुसली. पण मधल्या सुट्टीत तिने कागदाची एक चिठ्ठी लिहून दगडाबरोबर डबीत ठेवली आणि डबी मला दाखवली. चिठ्ठीवर लिहिले होते : 'महानजवळचे शेत. धारदार दगड. उपयोग माहीत नाही.'

शाळेत मी पुष्कळ उत्तरपत्रिका तपासल्या. त्या चिठ्ठीइतके बरोबर उत्तर मला क्वचितच मिळाले.