पावलं मोजा, पण कॉल चुकवू नका

दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या डॉक्टरने शोधलेला नाही, हे एकदा सांगून टाकतो. टोकियो ऑलिंपिक झालं १९६४ मध्ये. पुढच्याच वर्षी एका जपानी कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. गोल आकडा, लक्षात राहणारा. बस्स! साठ वर्षांनी तोच आकडा आपल्या फोनमध्ये वर्तुळ होऊन बसलाय आणि ते वर्तुळ भरायला आपण रात्री पावणेबारा वाजता हॉलमध्ये येरझाऱ्या घालतोय. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १६ हजारांहून जास्त वयस्कर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात फायदा साडेसात हजार पावलांच्या आसपासच थांबलेला दिसला.

पण एचआरला कोण सांगणार? 'वेलनेस महिना' आला की टीमवार क्रमवारी लागते. फोनमधल्या सेन्सरला फक्त ठरावीक लयीतले हेलकावे कळतात हो. सिंहगडाची चढण आणि पँट्रीपर्यंतची फेरी त्याच्या लेखी सारखीच. पोहायला गेलात तर शून्य, कारण फोन लॉकरमध्ये. उलट सोफ्यावर बसून फोन हलवणारे महाभाग पहिल्या दहात असतात (नावं घेत नाही, शेजारीच बसतात).

बरं, मोजल्याने वजन तरी उतरतं का? २०१६ मध्ये अमेरिकेतला दोन वर्षांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ४७१ जादा वजनाची तरुण मंडळी, सगळ्यांना आहार-व्यायामाचा सल्ला. सहा महिन्यांनी अर्ध्यांना अंगावर घालायचं यंत्र दिलं. यंत्रवाल्यांचं वजन शेवटी सरासरी साडेतीन किलोने उतरलं, बाकीच्यांचं ५.९ किलोने. घ्या!

म्हणून फोन फेकून द्या असं मी म्हणत नाहीये. आपल्याच देशात, दक्षिणेतल्या कारखान्यांमध्ये नोकरी करणाऱ्या, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३७ पुरुषांवर एक प्रयोग झाला. २०१३ मध्ये तो लॅन्सेटच्या मधुमेहविषयक नियतकालिकात छापून आला. सल्ला सगळ्यांना दिला होता. अर्ध्यांना वर नियमित एसएमएस. साधा एसएमएस! ना वर्तुळ, ना क्रमवारी. दोन वर्षांत एसएमएसवाल्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, बाकीच्यांपैकी २७ टक्क्यांना. इथे फोन माणसाची मार्कं काढत नव्हता. आधी तपासणी झाली होती, कुणीतरी समोर बसवून नीट सांगितलं होतं आणि फोन फक्त त्याची आठवण करून देत होता.

आमच्याकडे नेमका तोच भाग गाळलाय. अ‍ॅप फुकटात पडतं, आहारतज्ज्ञाला पगार द्यावा लागतो. शिवाय अ‍ॅपची एक मोठी सोय आहे: तिशीच्या आत शुगर वाढली तर दोष तुमचा, तुम्ही चालला नाहीत. रात्री साडेनऊचा कॉल, त्यामुळे अकरा वाजता गिळलेलं जेवण, रिलीजच्या आठवड्यातलं पिझ्झावर काढलेलं जागरण, यांचा रकाना कुठल्याच डॅशबोर्डवर नाही.

तेव्हा एचआरमधल्या मंडळींनो, या वर्षी टी-शर्ट आणि पाण्याच्या बाटल्या राहू द्या. तो साडेनऊचा कॉल सातला आणा. उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ झालेले असतात. क्लायंट ऑफिसात पोचलेला असतो, मी विचारलंय.