आकाशातून केलेला पंचनामा

वादळ एका रात्रीत येऊन जाते. परंतु त्याने केलेल्या हानीची मोजदाद अनेकदा आठवडेच्या आठवडे रेंगाळते. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाने गोवा व कोकणचा किनारा झोडपला आणि 17 मेच्या रात्री ते सौराष्ट्रात उन्याजवळ जमिनीवर चढले. आंब्याची व नारळाची असंख्य झाडे उन्मळून पडली. अशा वेळी तलाठ्याने बांधाबांधावर हिंडून पंचनामे करावयाचे म्हटले, तर तो एकटा कोठे कोठे पुरा पडणार? तोवर शेतकरी पडलेले झाड तोडून जमीन मोकळी करतो आणि पुरावाच नाहीसा होतो.

या कामी उपग्रहांचे साहाय्य घ्यावे, हे म्हणणे सर्वथा योग्य आहे. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते. पीक मोडून सुकले की हे प्रमाण बदलते. वादळापूर्वीचे व नंतरचे चित्र शेजारी ठेवले, म्हणजे हानी कोठे झाली ते उमगते. ढगांचा पडदा असला, तरी रडारच्या लहरी तो भेदून जातात. युरोपचा सेंटिनेल-1 आणि भारताने 14 फेब्रुवारी 2022 रोजी सोडलेला ईओएस-04 हे अशाच जातीचे उपग्रह होत. साचलेले संथ पाणी रडारच्या चित्रात काळे दिसते. त्यामुळे बुडालेली शेते ओळखता येतात.

तथापि साक्षीदार आणि न्यायाधीश यांतील भेद आपण विसरता कामा नये. सेंटिनेल-2 च्या चित्रातील सर्वांत बारीक ठिपका 10 मीटर लांब व तितकाच रुंद, म्हणजे जवळजवळ एक गुंठा असतो. त्या गुंठ्यात काय काय पेरले होते, हे तो ठिपका सांगत नाही. झाड उभे आहे, पाने हिरवी आहेत, परंतु वर्षाचा आंबा खाली मातीत पडला आहे, अशी बाग आकाशातून सुखरूपच दिसावयाची! मग त्या बागाईतदाराने दाद कोणाकडे मागावी?

पीक विमा योजनेत 2023 च्या खरिपापासून भात व गहू यांचे उत्पन्न ठरविताना तंत्राधारित अंदाजास 30 टक्के भार देण्याचे केंद्र सरकारने ठरविले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु ज्या चित्राच्या आधारे निकाल होतो, ते चित्र गावच्या चावडीवर लावले पाहिजे. आणि ज्याची हरकत असेल, त्याच्या शेतावर माणूस गेलाच पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, हे चित्र वाचण्याची विद्या तुम्ही अवश्य संपादन करा. शेतकऱ्याच्या मुलास ती अवगत झाली, तर त्याच्या वडिलांस कोणाच्या दयेवर विसंबून राहावे लागणार नाही. मात्र ती शिकताना बांधावर जाऊन मातीत पाय भरविण्याची सवय सोडू नका. आकाशातून शेत दिसते; त्या शेतावर कोणाचा संसार उभा आहे, हे जमिनीवरूनच दिसते.