संदर्भसूचीत नानी कुठे?

आफ्रिकन साहित्य म्हणजे अचेबे, सोयिंका, न्गुगी आणि वर थोडा वसाहतोत्तर सिद्धांत, एवढे शिकून आम्ही एम.ए. झालो. गुणही बरे मिळाले. पण त्या खंडातले मुसलमान आपापल्या भाषांत शतकानुशतके लिहीत आले, हे आम्हाला दोन वर्षांत कोणी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. हा दुसरा गुन्हा आमचा.

हौसा, फुलानी, वोलोफ, स्वाहिली या भाषा रोमन लिपीत जाण्यापूर्वी कितीतरी आधी अरबी लिपीत लिहिल्या जात. त्या लेखनाला 'अजमी' म्हणतात. अजम म्हणजे अरबेतर. आपल्या वाचकाला हा शब्द फोडून सांगायला नको. आजच्या उत्तर नायजेरियातल्या सोकोतोची नाना अस्माऊ (१७९३–१८६४) अरबी, फुलानी आणि हौसात कविता करत होती, खेड्यापाड्यांतल्या बायकांपर्यंत इल्म पोहोचवायला शिक्षिकांची फळी उभी करत होती. आणि आम्ही परीक्षेत काय लिहिले? आधुनिक आफ्रिकन साहित्याचा पाया १९५८ साली 'थिंग्ज फॉल अपार्ट'ने घातला. अचेबेंची थोरवी आम्हाला कबूल आहे. पण एका भाषेच्या दारातून दिसते तेवढेच घर, हे आम्ही का मानावे?

हा वाद तिकडच्या लेखकांनी केव्हाच केला आहे. जून १९६२ मध्ये युगांडातल्या मकेरेरे येथे आफ्रिकन लेखकांची परिषद भरली. अट, लेखन इंग्रजीत हवे. स्वाहिलीचा मोठा कवी शाबान रॉबर्ट या अटीत बसत नव्हता. त्याच महिन्यात तो वारला. न्गुगी त्या परिषदेत विद्यार्थी म्हणून होते. १९६८ मध्ये नैरोबी विद्यापीठात त्यांनी दोन सहकाऱ्यांसह मागणी केली की इंग्रजी विभागच रद्द करा. पुढे तुरुंगात टॉयलेट पेपरवर त्यांनी गिकुयू भाषेत कादंबरी लिहिली. २०२५ मध्ये ते गेले तेव्हा आमच्या विभागात शोकसभा झाली. भाषणे सगळी इंग्रजीत!

'तुम्ही मराठी छान बोलता हो,' असे ज्यांना आपल्याच गावात ऐकावे लागते, आणि 'उर्दू सोडलीत' हा टोमणा ज्यांना घरात बसतो, त्यांना शाबान रॉबर्टची अडचण समजावून द्यावी लागत नाही. दलित साहित्याने काळ्या अमेरिकेशी नाते जोडले, १९७२ मध्ये पँथर हे नावही तिथूनच घेतले. आम्हाला आफ्रिकेकडे जायला आमची स्वतःची वाट होती. ती आम्ही वापरली नाही.

आता संशोधनलेखनाचे. सेनेगलच्या मारियामा बा यांची १९७९ ची फ्रेंच कादंबरी आम्ही इंग्रजी अनुवादातून वाचली. नवरा मेल्यावर रामातुलाये इद्दतीत बसून मैत्रिणीला दीर्घ पत्र लिहिते. त्याच नवऱ्याने मुलीच्या मैत्रिणीशी दुसरा निकाह केलेला. चाळिसाव्या दिवशी दीर लग्नाचा विषय काढतो. वर्गात 'इद्दत' हा शब्द तळटीपेतून समजावला गेला. आमच्यातल्या एकीची अम्मी त्याच वर्षी चार महिने दहा दिवस घरात बसून होती. कोण आले, कोण काय बोलले, हिश्श्याचा विषय कोणी कितव्या दिवशी काढला, हे तिने प्रबंधात दोन पाने लिहिले. मार्गदर्शकांनी लाल शाईने विचारले, 'याला संदर्भ काय?' आणि 'आम्ही' हा शब्द सगळीकडून काढायला लावला. तिने ती दोन पाने फाडली. त्या जागी एका परदेशी अभ्यासकाचे इद्दतीवरचे वाक्य घातले, पृष्ठांकासह. ते चालले.

शिस्त नको, असे आम्ही म्हणत नाही. दुसऱ्याचे वाक्य आपले म्हणून खपवणारे प्रबंध आम्ही पाहिले आहेत. संदर्भ द्यायलाच हवा. पण ज्या शैलीपुस्तिकेचा धाक घातला जातो तीच उघडून पाहा. मुलाखतीची नोंद कशी करावी, अप्रकाशित हस्तलिखिताची कशी, हे तिच्यात दिलेले आहे. अम्मीशी बोलून तारीख टाकली असती तर अम्मी संदर्भ झाली असती. हे आम्हाला कोणी शिकवले नाही, कारण आमच्या घरात ज्ञान असू शकते असे कोणाला वाटले नाही. खरे सांगायचे तर आम्हालाही वाटले नव्हते.

अजमीबद्दल वाचल्यावर आम्हाला नानीची वही आठवली. कोकणी लग्नगीते, उर्दू लिपीत, जुन्या हिशेबाच्या वहीत लिहिलेली. लहानपणी आम्ही तिला 'चुकीचं उर्दू' म्हणून हसत होतो. वही सापडली. पहिली काही पाने वाळवीने खाल्ली आहेत, उरलेली देवनागरीत उतरवतो आहोत. नव्या प्रबंधाच्या सूचीत नानीचे नाव अकारविल्हे, अचेबेंच्या खाली, जिथे येते तिथे घातले आहे. ते काढायचे असेल तर तसे लेखी द्यावे, असे विभागाला कळवले आहे.