किती दातांचे स्प्रॉकेट? घरच्या कार्टचा हिशेब

नाशिकच्या सातपूरमध्ये स्प्रॉकेट मिळत नाही म्हणून कुणाचे काम अडल्याचे ऐकिवात नाही. मायको म्हणजे आताची बॉश, महिंद्रा, सिएट अशा कारखान्यांच्या आधाराने इथे लेथ, मिलिंग आणि लेझर कटिंगची लहान-मोठी वर्कशॉप्स उभी राहिली. त्र्यंबक रस्त्यावरच्या आयटीआयमधून टर्नर-फिटर तयार होतात, पुढे महिरावणीच्या अंगाला अभियांत्रिकीची मुले आहेत. ड्रॉइंग नेऊन दिले की हव्या तितक्या दातांची प्लेट कापून मिळते. त्यामुळे घरच्या घरी छोटी कार्ट बनवणाऱ्याला इथे वेगळाच प्रश्न पडतो: दाते किती सांगायचे? या प्रश्नावर सरळ दोन तट पडतात. एक म्हणतो, गाडी पळाली पाहिजे. दुसरा म्हणतो, गाडीने ओढले पाहिजे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून आधी आकडे मांडू.

घरच्या कार्टला बहुतेक वेळा पाण्याच्या पंपाचे किंवा फवारणी यंत्राच्या जातीचे पेट्रोल इंजिन लागते. साधारण ५ अश्वशक्ती, १० न्यूटन-मीटर टॉर्क आणि गव्हर्नरने ३६०० आरपीएमवर रोखलेला वेग. मागची चाके ११ इंची, म्हणजे बाहेरून बाहेर २८ सेंटिमीटर. असे चाक एका फेरीत सुमारे ८८ सेंटिमीटर अंतर कापते. पुढच्या स्प्रॉकेटला १० आणि मागच्याला ६० दाते असले, तर एक्सल मिनिटाला ६०० फेऱ्या घेतो आणि कार्ट ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास थांबते. मागचे दाते ३० केले, तर कागदावर तोच आकडा ६३ होतो.

वेगवाल्यांची बाजू इथून सुरू होते, आणि ती पोकळ नाही. ६ पटीच्या गिअरिंगवर इंजिन सरळ पट्ट्यात कायम गव्हर्नरला टेकून ओरडत राहते. आवाज वाढतो, पेट्रोल जळते आणि चालवणाऱ्याला चार फेऱ्यांत कंटाळा येतो. सपाट डांबरावर, लांब पट्टा मिळाला तर ५ अश्वशक्ती हलक्या कार्टला साठीच्या जवळ नेऊ शकते. मग ती ताकद बांधून का ठेवायची? शिवाय कंटाळलेला पोरगा एक दिवस गव्हर्नरच काढून टाकतो, आणि हे सगळ्यांत वाईट. ३६०० साठी बनवलेला कनेक्टिंग रॉड आणि ओतीव लोखंडाचे फ्लायव्हील त्यापलीकडे कधी दगा देतील, याचा भरवसा नाही. त्यापेक्षा दाते बदलून वेग घेतलेला बरा, हा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे.

आता ओढवाल्यांचे ऐकू. कार्ट आणि माणूस मिळून १६० किलो धरले, तर दहास एक अशा चढावर गाडी नुसती धरून ठेवायला १५७ न्यूटन बळ लागते. टायरच्या घर्षणाचे आणखी तीसेक. ३ पटीच्या गिअरिंगवर चाकाशी मिळते जेमतेम २१४. हातात उरते पंचवीस-तीस, आणि चेन-बेअरिंगमधले नुकसान त्यातून अजून वजा व्हायचे आहे. कारखान्याच्या गेटवरचा रॅम्प अशी गाडी चढली तर नशीब. ६ पटीला तेच बळ ४२८ होते. गिअरची सायकल चढावर ज्या कारणाने हलक्या गिअरला टाकतात, तेच हे कारण.

पण खरा मुद्दा चढाचा नाही, क्लचचा आहे. या इंजिनांवर सेंट्रिफ्यूगल क्लच बसतो. आरपीएम वाढले की त्यातले शू बाहेर फाकून ड्रमला धरतात. समजा तो २००० आरपीएमला पूर्ण पकडतो. ६ पटीला तेव्हा कार्टचा वेग असतो ताशी साडेसतरा किलोमीटर, ३ पटीला पस्तीस. म्हणजे ३ पटीच्या कार्टमध्ये पस्तिशीच्या खाली क्लच घासतच राहणार. शेडमागच्या मोकळ्या आवारात, दर तीस-चाळीस मीटरवर वळण असताना, तो पूर्ण पकडण्याचा क्षण येतच नाही. ड्रम निळा पडतो, जळका वास येतो आणि दोष मात्र क्लच विकणाऱ्याला दिला जातो.

गिअरिंगची पट ठरली तरी पिच, म्हणजे चेनच्या लगतच्या दोन पिनांमधले अंतर, ठरायचा असतो, आणि तिथे घाईघाईत केलेली खरेदी नडते. बाजारात सहज मिळते ती अर्धा इंच पिचची, १२.७ मिलिमीटरची चेन. या पिचने ६० दात्यांचे स्प्रॉकेट केले, तर त्याचा बाहेरचा व्यास जवळपास २५ सेंटिमीटर होतो. चाक २८ सेंटिमीटरचे. म्हणजे स्प्रॉकेट आणि जमीन यांत उरते दीड सेंटिमीटर. टायर थोडा दबला किंवा साधा खडा आला की चेन जमिनीवर. तीन अष्टमांश इंच पिचची, ९.५२५ मिलिमीटरची ०६बी चेन घेतली, तर तेच ६० दाते १९ सेंटिमीटरच्या आत बसतात आणि खाली साडेचार सेंटिमीटर मोकळे राहतात.

बारीक चेन तुटेल, ही भीती नेहमी बोलून दाखवली जाते. हिशेब तसे सांगत नाही. १० दात्यांच्या स्प्रॉकेटवर १० न्यूटन-मीटर लावले, तर ०६बी चेनवर ताण येतो साधारण ६५० न्यूटन. तिची किमान तुटण्याची मर्यादा ८,९०० आहे. झटक्यांसाठी निम्मी वजा केली, तरी पुरेशी शिल्लक उरते. अर्धा इंची ०८बी चेन १७,८०० न्यूटनची आहे. ती चांगलीच, पण इथे तिच्या ताकदीचा उपयोग नाही आणि आकाराचा अडथळा मात्र आहे.

अर्धा इंचीच चेन हाताशी असेल, तर मध्ये जॅकशाफ्ट टाकून दोन टप्प्यांत गिअरिंग करता येते. आधी १२ ला २४, मग १२ ला ३६. पट तीच ६. मागचे स्प्रॉकेट साडेपंधरा सेंटिमीटरच्या आत येते, दोन्ही टप्प्यांत पुढचे दाते १२ मिळतात आणि चेन गुळगुळीत चालते. किंमत मोजावी लागते ती दोन बेअरिंग, दुसरी चेन आणि दोन ठिकाणच्या अलाइनमेंटची. ज्याच्या शेडमध्ये चांगला फिटर आहे त्याने हा मार्ग जरूर घ्यावा. पहिल्याच कार्टला हात घालणाऱ्याने मात्र नसती उठाठेव करू नये.

बाइकचे इंजिन वापरणाऱ्यांचा हिशेब उलटा आहे. १०० सीसी बाइकचा १४ आणि ४२ दात्यांचा ४२८ चेनसेट तसाच कार्टला लावला, की चाक निम्म्याहून लहान असल्याने गिअरिंग आपोआप दुपटीने हलके होते. बाइकला टॉपमध्ये ताशी ७० देणारे आरपीएम कार्टला ३३ देतात. लोक लगेच मागचे स्प्रॉकेट लहान करायला धावतात. आमच्या मते गरज नाही. गिअरबॉक्स आहेच, दुसऱ्या गिअरमध्ये सुटता येते, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या सेटचा फायदा हातचा जाऊ देऊ नये. इंजिन तेवढे कागदपत्रांसह घ्यावे.

पुढच्या स्प्रॉकेटबाबत एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. चेन दात्यांवरून गोल नव्हे, तर बहुकोनी फिरते, त्यामुळे तिचा वेग प्रत्येक दात्यागणिक किंचित कमी-जास्त होतो. ९ दात्यांना हा फरक ६ टक्के, ११ ला ४, १७ ला पावणेदोन टक्क्यांच्या आत. म्हणून दहाच्या खाली जाऊ नये. ११ ला ६० ही जोडी आणखी चांगली, कारण ११ आणि चेनच्या एकूण कड्या यांना सहसा समान भाजक नसतो. एकच दाता पुन्हा पुन्हा त्याच कड्यांशी जोडीने झिजत नाही. वेग होतो ताशी ३५ च्या आसपास. पुढे एक दाता बदलणे म्हणजे मागे पाच-सहा दाते बदलण्यासारखे, तेव्हा बदल करायचा तर स्वस्तातला, पुढचाच करावा.

बसवताना दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का, हे लांब सरळ पट्टी टेकवून पाहावे. चेनच्या लॉकची क्लिप बसवताना बंद तोंड चेनच्या धावण्याच्या दिशेला ठेवावे. उलटी बसलेली क्लिप दगडाने उडते. ०६बी चेनच्या २० कड्या नव्या असताना १९०.५ मिलिमीटर भरतात. त्या ताणून मोजल्यावर १९४ च्या वर गेल्या, की चेन दोन टक्के वाढली. मग ती तेल पाजून वाचत नाही, बदलावीच लागते.

दोन्ही बाजू तोलल्यावर आमचा कौल ओढीच्या बाजूने जातो, आणि तो भित्रेपणातून नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायचे अंतर चौपट होते: बऱ्या ब्रेकवर ताशी ३० ला ७ मीटर लागत असतील, तर ६० ला २८. घरच्या कार्टला सस्पेन्शन नसते, बसणारा जमिनीपासून वीतभर उंचीवर असतो, आणि आपल्याकडे मिळणारी जागा म्हणजे आवार, ट्रॅक नव्हे. वेगवाल्यांचा लांब, बंदिस्त, सपाट पट्टा ज्याच्याकडे खरोखर आहे, त्याने आधी ब्रेक दुप्पट करून मगच मागचे दाते घटवावेत. बाकीच्यांसाठी तो आधी कळस मग पाया ठरेल.

तेव्हा पंपाचे इंजिन असेल तर ०६बी चेन, पुढे १० किंवा ११, मागे ६०, एकच टप्पा. बाइकचे इंजिन असेल तर बाजारचा १४-४२ जसाच्या तसा. गव्हर्नरला हात लावू नये. चेनवर पत्र्याचे कव्हर पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी बसलेले असावे, नंतर नव्हे. बोट, ओढणी आणि बुटाची नाडी चेनला सारखीच. आणि कार्ट आवाराच्या आतच चालवावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, मग त्याला दाते कितीही असोत.